हातउसने, तगादा आणि धरणे

मराठीत देण्याघेण्याला शब्द पुष्कळ आहेत. कर्ज, ऋण, उधारी, उचल, तसलमात आणि या सगळ्यांत घरगुती म्हणजे हातउसने. शेजारच्या घरातून वाटीभर साखर आणली तर ती उसनी, तिला कोणी कर्ज म्हणत नाही. मित्राकडून महिनाअखेरीला पाचशे रुपये आणले तर तेही उसनेच. साखरेची वाटी परत करताना चिमूटभर जास्त साखर घालून देण्याची माझ्या आईची पद्धत होती. पैशांचे तसे करता येत नाही. मित्राला व्याज देऊ केले तर त्याला राग येतो, आणि मुद्दल दिले नाही तर त्याला काय वाटते ते तो बोलत नाही.

कर्जाचा इतिहास म्हटला की आपल्याकडे सावकार आणि शेतकरी यांच्यावर लिहिले जाते. ते योग्यच आहे, त्या कर्जाने गावेच्या गावे पिळून निघाली. पण नात्यातल्या, ओळखीतल्या, मैत्रीतल्या उसनवारीलाही इतिहास आहे. तो विखुरलेला आहे इतकेच. स्मृतिग्रंथात एखादा श्लोक, पेशव्याच्या पत्रात एखादी ओळ, इंग्रज अधिकाऱ्याच्या अहवालात एखादा परिच्छेद. निवृत्तीनंतर हे तुकडे वाचत असताना माझ्यापुढे एकच प्रश्न होता. दिलेले पैसे परत मागायचे कसे? द्यायला एक क्षण पुरतो. मागताना जीभ जड होते. पूर्वीच्या लोकांनी या मागण्याचे काय केले होते?

नारदस्मृती साधारण दीड हजार वर्षांपूर्वीची. तिच्यात कर्जाच्या देवघेवीवर मोठे प्रकरण आहे आणि त्यात प्रेमाने दिलेल्या पैशाला स्वतंत्र नाव आहे, ‘प्रीतिदत्त’. नियम असा, की प्रीतिदत्त रकमेवर ठरवल्याशिवाय व्याज नाही. देणाऱ्याने मागितले नाही तोवर ती वाढत नाही. पण मागूनही परत दिली नाही, तर तिथून पुढे शेकडा पाच व्याज चालू. (तिथेच शेजारी असेही म्हटले आहे, की सहा महिने उलटले म्हणजे न ठरवताही व्याज चढते. हे दोन्ही जुळवायचे कसे हा टीकाकारांचा प्रश्न, आपण त्यात पडू नये.) मला महत्त्वाचे वाटते ते एवढेच, की व्याजाचे घड्याळ पैसे दिल्याच्या दिवशी चालू होत नाही, मागितल्याच्या दिवशी चालू होते. मागेपर्यंत ती प्रीती, मागितले की व्यवहार. त्या शास्त्रकाराला माणसांची चांगली पारख असली पाहिजे.

मनुस्मृतीत कर्जवसुलीचे पाच मार्ग सांगितले आहेत. धर्म, व्यवहार, छल, आचरित आणि बल. यातले धर्म म्हणजे समजावून सांगणे, व्यवहार म्हणजे न्यायसभा, छल आणि बल समजतातच. ‘आचरित’ म्हणजे काय? तर रूढीने चालत आलेली रीत, आणि तिचा अर्थ सांगताना कर्जदाराच्या दारात बसून राहणे हा प्रकार येतो. दारात बसून राहणे! हेच ते आपले धरणे. आज आझाद मैदानावर किंवा कलेक्टर कचेरीपुढे मंडप घालून धरणे धरतात, ती या जुन्या वसुलीची पणती म्हणायची.

पेशवाईतले धरणे कसे होते, हे सर्वांत नेटके लिहिले आहे ते माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनने. १८१८ साली पेशव्यांचा मुलूख इंग्रजांकडे गेला, तेव्हा त्याची व्यवस्था याच्याकडे होती. १८१९ साली त्याने जिंकलेल्या मुलखाविषयी एक लांबलचक अहवाल लिहिला. त्यात तगाद्याचे वर्णन आहे. कर्जदार बरोबरीचा किंवा खालचा असला तर सावकार त्याला अडकवून ठेवी, घराबाहेर जाऊ देत नसे, जेवू देत नसे, उन्हात बसवी. कर्जदार मोठा असला तर मात्र रीत वेगळी. आधी विनवण्या, मग अब्रूची आणि लाजेची आठवण. मग त्याच्या उंबऱ्यावर आडवे पडायचे, तो बाहेर निघाला की वाटेत लोळण घ्यायची, दारात आरडाओरडा करायचा. स्वतःला जमत नसेल तर हे काम माणसे लावून करवून घ्यायचे. आणि सगळ्यांत शेवटी दारात बसून उपास धरायचा. धनको उपाशी आहे तोवर घरातल्या ऋणकोनेही जेवायचे नाही, असा दंडक. मागणी खरी असेल तोवर अशा माणसाला हुसकून लावणे अब्रूला कमी समजले जाई, आणि बहुधा काहीतरी पदरात पडेच, असे एल्फिन्स्टन म्हणतो. मागणी खोटी असेल तर काय? तर ज्याला हा जाच होई तो स्वतःच पंचायत बसवा म्हणून मागे लागे. एरवी आळशी अंमलदाराकडून जी पंचायत मिळाली नसती, ती अशी मिळून जाई.

शिंद्यांच्या छावणीत १८०९ साली राहिलेल्या ब्रॉटन नावाच्या इंग्रज अधिकाऱ्यानेही धरण्याविषयी लिहिले आहे. तिथे शिपाई थकलेल्या पगारासाठी धरणे धरून बसत. म्हणजे ही गोष्ट सावकारापुरती नव्हती. ज्याचे येणे आहे तो बसू शकत असे, मग समोर खुद्द सरदार का असेना.

आता कोणी म्हणेल, काय ही रानटी रीत. होतीच. बरोबरीच्या आणि गरीब माणसाला उन्हात बसवणे यात कसले कौतुक? भाट आणि चारण लोक तर त्याच्याही पुढे जात. पैशांना जामीन राहिलेला भाट, देणेकऱ्याने शब्द मोडला तर स्वतःच्या अंगावर सुरी चालवी. त्यालाच त्रागा म्हणत. आज घरातले कोणी आदळआपट करू लागले की आपण ‘उगाच त्रागा करू नकोस’ म्हणतो, तेव्हा त्या शब्दामागचे रक्त आपल्याला दिसत नाही.

तरीपण त्या उंबऱ्यावरच्या उपासात एक गोष्ट होती, जी पुढे कुठे सापडत नाही. दोघेही उपाशी. मागणारा बाहेर आणि न देणारा आत, पण भूक दोघांना सारखी. शेजारीपाजारी पाहत आहेत, त्यामुळे दोघांनाही घाई. आणि मुख्य म्हणजे मागण्याला एक ठरलेली रीत होती. पहिली पायरी कोणती, दुसरी कोणती, हे दोघांना माहीत असे. आता मी काय बोलू, कोणत्या शब्दांत बोलू, हा प्रश्न मागणाऱ्यापुढे नसे. रूढीने त्याच्यासाठी तो सोडवलेला असे.

याच सुमाराच्या जरा मागे जाऊन एका मोठ्या कर्जदाराकडे पाहू. पहिला बाजीराव १७२० साली, वयाच्या विसाव्या वर्षी पेशवा झाला. वीस वर्षे तो घोड्यावर होता आणि जवळपास तितकी वर्षे कर्जात. कारण उघड आहे. फौज आधी उभी करायची, तिला नालबंदी आणि पगार आधी द्यायचा, आणि चौथाई-खंडणी मागाहून, जमेल तेव्हा, जमेल तेवढी. मधली फट सावकाराच्या पैशाने बुजवायची. हे सावकार कोण? काही पेढीवाले होते, पण काही अगदी जवळची माणसे होती.

त्यातले एक धावडशीचे ब्रह्मेंद्रस्वामी. कोकणात चिपळूणजवळच्या परशुरामाचे हे भक्त. १७२७ साली हबशाने ते देवस्थान लुटले, तेव्हा स्वामी घाट चढून साताऱ्याजवळ धावडशीला आले. छत्रपती शाहू, बाजीराव, चिमाजीअप्पा सगळे त्यांना मानत. भक्तांकडून आलेल्या पैशातून त्यांनी देवळे, विहिरी, तळी बांधली आणि त्याच पैशातून याच भक्तांना कर्जेही दिली. गुरू आणि धनको एकच. पारसनिसांनी स्वामींचे चरित्र लिहून त्यांना मराठ्यांच्या राजकारणात मोठे स्थान दिले. राजवाड्यांना ते मुळीच पटले नाही आणि त्यांनी त्यावर कडक टीका केली. राजवाड्यांची लेखणी कडक कधी नव्हती म्हणा.

त्या वादात मला जायचे नाही. मला बाजीरावाचे स्वामींना गेलेले पत्र आठवते, ज्याचा इंग्रजी तर्जुमा ग्रँट डफने १८२६ साली आपल्या इतिहासात दिला. त्याचा आशय असा, की मी कर्जाच्या नरकात पडलो आहे, सावकारांच्या आणि शिलेदारांच्या पाया पडता पडता माझ्या कपाळाचे कातडे निघाले आहे. वर्गात हा मजकूर सांगितला की मुले हसत. ज्याच्या घोड्याच्या टापांनी दिल्ली हादरली, तो पैशासाठी कपाळ घासतो? पण थोडे थांबून पाहावे, हे पत्र कोणाला आहे? ज्याचे पैसे आपण देणे लागतो अशा माणसाला. आपल्या धनकोपुढे दुसऱ्या धनकोंची तक्रार! ज्याने कधी मित्राचे पैसे थकवले आहेत त्याला ही चाल ओळखू येईल. ‘तुझे विसरलो नाही रे, पण बाकीचे मला जगू देत नाहीत.’ यात खोटे काही नसते. ज्याच्यावर आपला जीव आहे त्याला शेवटी द्यायचे, कारण तोच थांबेल, हा हिशेब सगळेच कर्जदार करतात. त्यामुळे जो जितका जवळचा, तो रांगेत तितका मागे.

जवळचा माणूस थांबला नाही तर काय होते, तेही बाजीरावाच्याच घरात दिसते. त्याची बहीण भिऊबाई बारामतीच्या आबाजी नाईक जोशी यांना दिली होती. आबाजींचे भाऊ बाबूजी नाईक हे मोठे सावकार. (शाळेत मोरोपंतांच्या आर्या शिकवताना त्यांचे बारामतीचे आश्रयदाते म्हणून ज्यांचे नाव आम्ही सांगत असू, तेच हे.) सोयरीक जुळली, पैसाही आला, आणि मग पैशापायी सोयरिकीत कडवटपणा शिरला. २८ एप्रिल १७४० रोजी बाजीराव नर्मदाकाठी रावेरखेडी येथे वारला. कर्ज मागे राहिलेच. मुलगा नानासाहेब, वय वर्षे एकोणीस, पेशवाईच्या वस्त्रांसाठी शाहू महाराजांकडे पाहत होता. अशा वेळी नागपूरच्या रघूजी भोसल्यांनी पेशवेपदासाठी दुसरे नाव पुढे केले, आणि ते नाव होते बाबूजी नाईकांचे. विधवा वहिनीच्या घराला ज्यांनी धीर द्यायचा, ते व्याही तिच्या मुलाच्या गादीसाठी उभे राहिले. महाराजांनी वस्त्रे नानासाहेबालाच दिली. तेव्हा बाबूजींनी आपल्या कर्जाचा तगादा लावला. नवा पेशवा, रिकामी तिजोरी आणि दारात आत्याच्या दिराचा तगादा.

यातून सोडवले कोणी? पेशव्यांचे दिवाण महादोबा पुरंदरे यांनी. त्यांनी आपल्या शब्दावर आणि पतीवर ते देणे निभावून नेले. सासवडचे पुरंदरे आणि श्रीवर्धनचे भट यांचा घरोबा बाळाजी विश्वनाथांच्या वेळेपासूनचा. त्या मैत्रीला कोणाकडे खत-रोखा नव्हता. म्हणजे एका नात्यातल्या पैशाने जी अडचण उभी केली, ती दुसऱ्या घरच्या जुन्या स्नेहाने दूर केली. इतिहासाच्या पुस्तकांत १७४० साल येते ते बाजीरावाच्या मृत्यूसाठी. मला त्या सालातली ही गोष्ट जास्त जवळची वाटते.

इंग्रजी अमलात हळूहळू धरणे संपले. काशीच्या बाजूला ब्राह्मणांच्या धरण्याविरुद्ध कंपनीने १७९५ सालीच नियम केला होता. १८६० च्या भारतीय दंड संहितेत ५०८ वे कलम आले. देवाच्या कोपाची भीती घालून कोणाकडून काही करवून घेणे हा गुन्हा ठरला आणि त्याचे उदाहरण म्हणून दारात बसलेल्या धरणेकऱ्याचीच गोष्ट कायद्यात छापली गेली. (ती संहिता १ जुलै २०२४ पासून गेली आणि भारतीय न्याय संहिता आली. दैवी कोपाचा गुन्हा नव्या संहितेतही आहे.) धरण्याच्या जागी कोर्ट आले. कोर्टाला भूक लागत नाही, लाजही वाटत नाही. त्याला कागद लागतो.

कागदाचे पुढे काय झाले ते दख्खनने पाहिले. १८५९ च्या मुदतीच्या कायद्याने साध्या खताची मुदत तीन वर्षांवर आली. हेतू चांगला होता, जुनी शिळी कर्जे उकरून काढू नयेत. पण झाले असे, की दर तीन वर्षांनी सावकार नवे खत लिहून घेऊ लागला आणि साठलेले व्याज मुद्दलात जाऊन बसू लागले. व्याज मुद्दलापेक्षा जास्त होऊ नये हा आपला जुना दामदुपटीचा नियम होता, पण दर वेळी मुद्दलच नवे, मग दुप्पट कशाची मोजणार? १८७४ च्या अखेरीस शिरूर तालुक्यातल्या कर्डे गावी एका सावकाराने दीडशे रुपयांच्या हुकूमनाम्यावर तिथल्या देशमुखाचे घर पाडले. गावाने त्या सावकाराला वाळीत टाकले. १२ मे १८७५ रोजी सुप्याच्या बाजारात दंगा उसळला आणि पुणे-नगर भागात पसरला. दंगेखोरांनी माणसे फारशी मारली नाहीत. त्यांनी खते मागितली आणि जाळली. त्यानंतर १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा झाला आणि कोर्टाने कर्जाचा मागचा सारा इतिहास तपासावा असे ठरले. हा सगळा भाग पाठ्यपुस्तकांत असतो, म्हणून इथे आवरतो.

पाठ्यपुस्तकांत नसते ते हे, की या बदलात हातउसने कुठेच बसले नाही. जुन्या रीतीत मित्राच्या दारात बसता येत होते, ती रीत गेली. नव्या रीतीत कागद लागतो, आणि मित्राकडून कागद लिहून घेणे म्हणजे त्याला मित्र न मानणे. मैत्रीतले पैसे दोन्हींच्या मधे पडले.

माझ्या नोकरीतली एक गोष्ट सांगतो. १९८६ साली शाळेतल्या एका सहकाऱ्याला मी दोन हजार रुपये दिले. तेव्हाच्या माझ्या महिन्याच्या पगाराहून ती रक्कम जास्त होती. त्याच्या वडिलांचे ऑपरेशन होते. आम्ही दोघे रोज सायकलवरून बरोबर घरी जायचो, वाटेत एका टपरीवर अर्धा अर्धा चहा घ्यायचो. चार-पाच महिन्यांनी मी एकदा विचारले. तो म्हणाला, “पुढच्या पगाराला नक्की.” पुढच्या पगाराला तो शाळा सुटण्याआधी दहा मिनिटे निघून गेला. मग त्याला रोजच आधी निघायचे काम पडू लागले. मग त्याने रस्ता बदलला, कालव्याकडून लांबून जाऊ लागला. शिक्षकांच्या खोलीत माझ्या शेजारची त्याची खुर्ची खिडकीकडे सरकली. मी दुसऱ्यांदा विचारले नाही. आमचे भांडण कधीच झाले नाही, आणि भांडण झाले असते तर बरे झाले असते असे मला अनेकदा वाटले. पैशांचे म्हणाल तर दोन-तीन वर्षांत त्यांची सल गेली. टपरीवरच्या चहाची गेली नाही.

आणखी एक आहे. त्या वेळी नारद मला माहीत नव्हता, पण एकदा मागितल्यावर आमच्यात जे बदलले, ते त्याने सांगितल्याप्रमाणेच. विचारेपर्यंत त्याला माझ्याबरोबर सायकल चालवता येत होती.

२००३ साली तो वारला. मी भेटायला गेलो. वहिनींनी चहा केला. त्याच्या मुलाला काही ठाऊक नाही. लग्नाकार्यात भेटला की तो वाकून नमस्कार करतो, ‘बाबा तुमचे नाव फार काढायचे’ म्हणतो. धर्मशास्त्राप्रमाणे बापाचे ऋण फेडणे हे मुलाचे कर्तव्य, आणि आपली कोर्टेही हिंदू कुटुंबांत ते बरीच वर्षे मानत आली. २००५ साली हिंदू वारसा कायद्यात दुरुस्ती झाली आणि त्यानंतर काढलेल्या कर्जांपुरते हे धार्मिक बंधन कोर्टाने धरायचे बंद केले. आमचे उसने १९८६ चे, म्हणजे जुन्या नियमातले. पण तीन वर्षांची मुदत तर १९८९ मध्येच संपली होती. आजच्या मुदतीच्या कायद्यातही, जो १९६३ चा आहे, उसन्या पैशाला तीनच वर्षे आहेत. त्या मुदतीत देणेकऱ्याने सही करून ‘तुमचे देणे आहे’ एवढे जरी लिहून दिले, तरी तिथून नवी तीन वर्षे धरतात. मुदत गेल्यावरही लेखी कबूल केले तर करार कायद्याने ते चालते. एक पोस्टकार्ड पुरले असते. पण खिडकीकडे खुर्ची सरकवलेला माणूस पोस्टकार्ड कसे लिहिणार?

हे वाचून कोणीतरी मला तुकोबांचे नाव सांगेलच, कारण घरीही तेच सांगतात. सोडून द्या हो, तुकोबांनी नाही का सगळी खते इंद्रायणीत बुडवली! महिपतींनी सांगितलेली ही कथा आपण लहानपणापासून ऐकत आलो. तुकोबांचे घर देहूचे महाजन, वडिलांपासून सावकारी, दुष्काळात सगळे गेले तरी लोकांकडची येणी कागदावर होती. पण ‘सगळी खते’ हे खरे नाही. तुकोबांनी आधी धाकट्या भावाशी, कान्होबांशी, वाटणी केली. निम्मी खते त्यांनी कान्होबांना दिली आणि आपल्या वाट्याची तेवढी नदीत सोडली. कान्होबांना प्रपंच करायचा होता.